केवळरामांच्या गाडीतला पट्टा

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा कधी पाहिले नसेल. मी एका जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट आहे. काळ्या झाकणामागे, कुणाच्या नजरेस न पडता फिरत राहणे हा माझा रोजचा नेम. कारखान्यात रबर तापवून, पोटात बळकट दोरे घालून मला घडवले. इंजिनाची वरची आणि खालची चाके मी एका तालात ठेवतो. माझे दात चाकांच्या खाचांतून घसरले, तर आतले भाग एकमेकांवर आदळून गाडी जागीच थांबते.

माझे मालक पवनीचे विणकर केवळराम. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यावे लागते. वाटेत मी थांबलो तर त्या माउलीचे काय होईल, या विचाराने मी देवाचे नाव घेऊनच निघतो.

एकदा मी सैल वाटलो म्हणून केवळरामांनी स्वतःच पाना घेतला. हातमागावर उभ्या सुताचा ताणा ढिला राहिलेला त्यांना खपत नसे. त्यांनी मलाही तसेच ताठ ओढले. पुढच्या फेरीत इंजिन तापले आणि मी कळवळून ऊंऽऽ करू लागलो.

"अवो, गाडी काहून कण्हून राहिली?" मागच्या सीटवरून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बिमार मी आहो का हे?"

परतल्यावर गाडी हेमराज मिस्त्रींकडे गेली. इंजिन पुरते थंड झाल्यावर त्यांनी झाकण काढले.

"काका, मागावरचा ताणा समजले का याले? इंजिन तापलं का फुगते, मंग हा आणखी ताणते. एखाद्या दिवशी रस्त्यातच तुटन."

केवळराम हळूच म्हणाले, "उन्हाळ्यात आमचं सूतबी असंच तटतट तुटते. तवा आमी ताणा सैल करतो. हे मले सुचलं काहून नाही?"

"कायले सुचन? तुमचा जीव काकीपाशी होता ना!"

हेमराजांनी ताण कमी केला. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे केवळरामांनी माझा लांब, सरळ भाग दोन बोटांत धरून पिळला. पाव वळसा वळलो, त्याहून जास्त नाही; म्हणजे ताण बेताचा. हाताने इंजिन फिरवून, चाकांवरच्या खुणा जुळल्या का ते पाहून त्यांनी पुन्हा तसेच तपासले. काय हात होता तो! आयुष्यभर नाजूक धागे हाताळलेली बोटे मला किती जपून धरत होती.

तेव्हापासून मी कण्हलो नाही. मागे चंद्रभागाबाई निवांत डुलकी घेतात, तेवढेच कौतुक मला पुरते.

पण आता माझ्या कडा उसवल्या आहेत. हेमराज बदलायला सांगतात आणि केवळराम म्हणतात, "राहू दे ना, काही आवाज तर नाही करत बिचारा."

मित्रांनो, जुना पट्टा तुटण्याआधी आवाज करेलच असे नाही. कुणीतरी हे त्यांना सांगा. माझ्यावर माया असेल, तर येत्या फेरीआधी मला उतरवा. नव्याला असाच हलक्या हाताने ताण द्या. त्या माउलीला भंडाऱ्याला पोचायचे आहे.