मास्तरांचा ब्रेक

"आणि माझं पेडल कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं आणि गाडीचं डावं दार उघडून ते आत वाकून पाहू लागले.

जुन्या गाड्यांचा दलाल गोंधळला. पेडलं चालवणाऱ्याच्या पायाशी असतात काका, तो म्हणाला, सगळ्याच गाड्यांना उजवीकडे असतात. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य त्याने गिळून टाकलं.

"ती झाली तिची. ही बाई गाडी चालवणार आणि मी काय शेजारी हात जोडून बसणार?"

ही बाई म्हणजे आई. ती पत्र्याच्या छपराखाली पर्स पोटाशी धरून उभी होती आणि समोरच्या एका लहानशा निळ्या गाडीकडे पाहत होती. आईला निळी आवडली आहे हे लेकीच्या लक्षात आलं होतं. मास्तरांच्याही आलं असावं, कारण निळीला त्यांनी सगळ्यात आधी निकालात काढलं. तिचं दार लावून पाहिलं आणि म्हणाले, पत्र्याचा डबा आहे. मग दुसरीच्या टायरला लाथ घातली, तिसरीचं बॉनेट उघडून नाक मुरडलं. सकाळपासून हेच चाललं होतं. गाड्यांमध्ये खोट नव्हती. त्यांच्या मनासारखी गाडी दलालाकडे असणंच शक्य नव्हतं, कारण शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असलेली गाडी फक्त ड्रायव्हिंग स्कूलकडे असते.

मास्तरांनी उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलच चालवलं होतं. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकलं आणि ते सगळ्या गावाचे मास्तर झाले. शिकवण्याची त्यांची रीत ठरलेली. शिकणाऱ्याचा पाय ब्रेककडे वळतोय न वळतोय तोच स्वतःचा ब्रेक करकचून दाबायचा, गाडी गचका खाऊन थांबली की चष्मा वर सरकवायचा आणि सावकाश म्हणायचं, "मी होतो म्हणून वाचलात." या वाक्याने त्यांनी भल्याभल्यांची हवा काढली होती. बँकेचा मॅनेजर, डॉक्टरीण, कोणीही त्यातून सुटलं नाही.

बायकोला त्यांनी एकदाच शिकवलं. तेव्हा लेक सात वर्षांची होती आणि मागच्या सीटवर बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मास्तरांचे दोन शिकाऊ होते, आपली पाळी येण्याची वाट पाहणारे. पुलाच्या चढावर आईची गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली, थोडी मागेही गेली. मास्तरांनी ब्रेक दाबला, हात पुढे करून आईच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला उतर म्हणाले. आईला आधी थट्टाच वाटली. मग ती उतरली. मास्तर उजवीकडे सरकले आणि गाडी घेऊन निघाले. शिकाऊ हसत होते. लेक मागच्या काचेला नाक लावून पाहत होती. भर रहदारीत, पुलाच्या कठड्याला धरून आई उभी होती, आणि ती लहान लहान होत गेली.

तेवढ्यावर ते थांबलं असतं तरी लेकीने कदाचित सोडून दिलं असतं. पण मास्तरांनी त्याचा किस्सा केला. बायको आणि चढ. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तो किस्सा ऐकवला जाई. पाहुण्यांना जेवताना ऐकवला जाई. लेकीच्या लग्नात व्याह्यांना ऐकवला गेला, आणि आई हातात वाढायचं भांडं घेऊन तिथेच उभी होती. आई कधी काही बोलली नाही. लेक मात्र मनात गाठ मारून बसली होती. कधी ना कधी या माणसाला पुलावर उतरवायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

संधी त्यांच्या डोळ्यानेच आणून दिली. लेक चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. एकदा मास्तर नंबर तपासायला आले. समोरच्या तक्त्यावरची अगदी खालची ओळ त्यांनी घडाघडा वाचून दाखवली, पण डावीकडून तिने हात पुढे आणला तर तो त्यांना नाकापाशी येईपर्यंत दिसला नाही. तिने हात पुन्हा आणला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी तिला बरं वाटलं होतं, हे ती कोणाजवळ कबूल करणार नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, दर आठवड्याला दाखवायला यायचं आणि गाडी चालवणं बंद. मास्तरांची गाडी विकली गेली. घर गावाबाहेर होतं आणि तिकडची बस केव्हाच बंद झालेली.

तेव्हा आईने जेवता जेवता सांगितलं, की आपण गाडी शिकलो आहोत. पलीकडच्या पेठेत एक बाई स्कूल चालवते, तिच्याकडे. परीक्षाही पास झालो, पहिल्याच खेपेला. बोलून तिने ताक वाढलं. मास्तरांचा घास हातातच राहिला. मग ते एवढंच म्हणाले, की तिच्या शेजारी मी बसणार आणि माझ्या पायाशी ब्रेक हवा, नाहीतर त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही.

म्हणून हा सगळा शोध. दलालाकडून परतताना आईने एकदा मागे वळून निळीकडे पाहिलं. लेकीने ते पाहिलं आणि त्याच क्षणी तिला काय करायचं ते सुचलं. सुचल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं, की घरी पोहोचेपर्यंत ती मास्तरांशी चक्क गोड बोलत होती.

पलीकडच्या पेठेतली ती बाई आपली जुनी गाडी विकायला काढणारच होती. गाडी भडक केशरी, चौकोनी, डब्याला चाकं लावावीत तशी. दारांवरची अक्षरं खरवडून काढली होती, तरी उन्हात ती पुसट दिसत. आत दोन आरसे होते, एक चालवणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा. आणि डावीकडे पेडलं होती. मास्तरांनी ती पाहिली आणि गाडीत खोट काढायची विसरले. आत बसून त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, दोनदा, तीनदा. चेहरा उजळला त्यांचा.

व्यवहार झाल्यावर लेकीने गाडी आधी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री म्हणाला, खासगी गाडीत ही जादा पेडलं ठेवता येत नाहीत, मी काढूनच टाकतो. लेक म्हणाली, पेडलं राहू द्या, नुसतं त्यांचं काम बंद करा. मिस्त्रीने तिला वाकून दाखवलं. डावीकडच्या पेडलपासून एक तार उजवीकडच्या पेडलला जाते. डावीकडून दाबलं की तार ओढली जाते आणि उजवीकडचं आपसूक खाली जातं. तार सोडली की संपलं. डावीकडच्याला स्वतःची स्प्रिंग आहे, त्यामुळे दाबलं तर दबेल, सोडलं तर वर येईल, पण गाडीला पत्ता लागणार नाही.

"मग ठेवायची कशाला, ताई?"

"शोभेला," लेक म्हणाली.

त्यानंतरचे आठवडे तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. दवाखान्याच्या दिवशी ती सुट्टी काढून मागच्या सीटवर बसायची, सात वर्षांची असताना बसली होती तशी, मधोमध. आई गाडी चालवायची. सुरुवातीला जपून, मग बेताने, मग चांगलीच. सिग्नल आला की आई ब्रेक दाबायची आणि त्याच वेळी मास्तरांचा पायही पेडलवर पडायचा. गाडी थांबली की ते चष्मा वर सरकवायचे. एकदा भाजीवाल्याची हातगाडी आडवी आली, आईने अलगद थांबवलं, आणि मास्तर म्हणाले, "मी होतो म्हणून वाचलीस." आई म्हणाली, हो ना. मागे बसलेल्या लेकीने ओठ दाताखाली धरले. शेजाऱ्यांनाही मास्तर सांगू लागले होते, की नावाला ती चालवते, गाडी खरी माझ्या पायावर चालते. लेक ते ऐकून घ्यायची. जितकं उंच चढतील तितकं बरं, असा तिचा हिशेब होता.

ती वेळ आली तेव्हा गाडी पुलाच्या चढावर होती. ठरवून काही झालं नाही. पुढचा टेम्पो एकदम थांबला, आईनेही गाडी थांबवली, व्यवस्थित, मध्ये हातभर जागा ठेवून. मास्तरांनी पाय दाबून धरला होता. रहदारी तुंबली आणि मास्तरांना तो किस्सा आठवला. इथेच, ते म्हणाले, बरोबर इथेच हिला उतरवली होती मी. आणि हसून आईकडे वळले.

"बघ, आजही मी होतो म्हणून वाचलीस."

"बाबा," लेक मागून म्हणाली, "तुमच्या पेडलची तार काढलेली आहे. गाडी घरी यायच्या आधीच मी काढून घेतली. या गाडीत तुम्ही एकदाही ब्रेक मारलेला नाही."

हे वाक्य तिने मनात कितीदा तरी घोकलं होतं. आवाज चढू द्यायचा नाही हेही ठरवलं होतं, आणि तो चढला नाही. मास्तरांनी पेडल एकदा दाबलं, सोडलं. मग खाली वाकले आणि पेडलच्या मागे हाताने चाचपू लागले. तारेचं सुटं टोक त्यांच्या बोटांना लागलं असावं, कारण हात तिथेच थांबला. ते सरळ झाले. दोन्ही पाय त्यांनी मागे ओढून सीटखाली घेतले.

टेम्पो हलला. आईने हँडब्रेक सोडला आणि गाडी बोटभरसुद्धा मागे न जाऊ देता चढ चढवला.

घरी आल्यावर मास्तर उतरले आणि आत गेले. लेकीने गाडीचं दार मुद्दाम जोरात आपटलं. दार आपटलं की ते हमखास खेकसायचे. आज खेकसले नाहीत.

"झालं समाधान?" आईने विचारलं. ती अजून गाडीतच, स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"झालं. तुझ्यासाठीच केलं मी ते."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

लेक गाडीच्या खिडकीशी वाकली.

"अगं, मी अशाच गाडीवर शिकले ना. याच गाडीवर. बाईंनी ब्रेक दाबला की माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. यांनी इतक्यांदा दाबला, माझं पेडल एकदा तरी हललं का? घरासमोरच्या नळापासून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि माझ्या लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"का बोलू?" आई आता लेकीकडे वळली. तिला राग आला होता, आणि आईला राग आलेला लेकीने फार थोड्या वेळा पाहिला होता. "ते म्हणायचे, मी होतो म्हणून वाचलीस. मी म्हणायचे, हो ना. आणि रात्री मला कशी शांत झोप लागायची, तुला काय सांगू. इतकी वर्षं त्या पुलावरून माझं हसू झालं, आणि आता त्यांचं हसू माझ्या एकटीजवळ होतं. कोणाला ठाऊक नव्हतं. तू एकदाच सूड घेतलास बाई. मी रोज घेत होते. तो घालवलास तू माझा."

आई उतरली आणि दार तिने हळू लावलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याला निघाले तेव्हा मास्तरांनी मागचं दार उघडलं. आई म्हणाली, अहो, पुढे बसा की. ते म्हणाले, मागे बरं वाटतं, पाय मोकळे राहतात. मागे गुडघे धड मावत नव्हते. ते तिरके होऊन बसले, औषधांची पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. किस्सा नाही, सूचना नाही. आरसा नीट कर, असंही म्हणाले नाहीत. पुढची डावी सीट मोकळी राहिली म्हणून लेक तिथे बसली.

आपण जिंकलो आहोत हे तिला कळत होतं. हवं होतं ते सगळं झालं होतं, तसूभर कमी नाही. शिकवणाऱ्याचा आरसा आता तिच्या समोर होता आणि त्यात मास्तरांचा अर्धा चेहरा दिसत होता. तिने आरसा फिरवून टाकला.

पुलाच्या अलीकडे, डावीकडच्या गल्लीतून एक ट्रक नाक बाहेर काढून उभा राहिला. आईने तो लांबूनच हेरला होता. वेग कमी करत, घाई न करता, ती गाडी त्याच्या पुढून नेऊ लागली. लेकीचं अंग आखडलं. आई आता थांबेल, आता थांबेल असं तिला वाटत होतं, आणि आई थांबत नव्हती, कारण थांबायची गरजच नव्हती.

"पाय काढ तिथून," आई रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाली.

लेकीने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय मास्तरांच्या पेडलवर होता, आणि तिने ते पार तळापर्यंत दाबून धरलं होतं.