मासवडी गार होतेय

मंचरला मिसळ झाली, कळंबला उसाचा रस झाला, नारायणगावात द्राक्षं झाली, आणि एवढं होऊनही शौर्यनं गाडी ओझरच्या रस्त्याला घातली तेव्हा उमरच्या डोक्यात तिडीक गेली.

"अरे, जुन्नरचा रस्ता तिकडं राहिला!"

"बाप्पाला न भेटता पुढं जायचं? आणि देवळाबाहेर पेढे मस्त मिळतात म्हणे. सोनल, बघ ना मोबाइलमध्ये." शौर्यनं गाडी दामटली. मागं बसलेली सोनल मोबाइलमध्ये बघू लागली.

तिघंही पुण्याला एकाच ऑफिसात. तीन वर्षं दुपारचा चहा-वडा एकाच प्लेटमध्ये खाल्लेला. बेत साधा होता : जुन्नरला उमरच्या घरी जेवायचं आणि ऊन उतरलं की शिवनेरी चढायचा. शौर्य मांस-मच्छी खात नाही, म्हणून उमरच्या अम्मीनं, झुबेदानं, मुद्दाम मासवडीचा घाट घातला होता. नावात मासा असला तरी मासवडीत मासा औषधालाही नसतो. बेसन शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करायची, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यासोबत गरमागरम खायच्या. सगळी सकाळ खाणारं काम. अम्मीच्या मासवडीचं गल्लीत नाव होतं. ती एकदा या दोघांना खाऊ घालायची, ही उमरची किती दिवसांची हौस! त्यासाठी हा पठ्ठ्या सकाळपासून एका कपभर चहावर होता.

आणि हा शौर्य! मंचरला मिसळीवर दोनदा तर्री मागून घेतली. कळंबला रसवाल्यानं ग्लास पुढं केला की हा घेत होता. नारायणगावात द्राक्षांचा घोस गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्याउभ्या संपवला. वाढणारा दमेल, पण ह्याच्या तोंडून कुठं 'पुरे' म्हणून निघायचं नाही. उमर बाजूला घड्याळाकडे बघत उभा.

ओझरला पेढे झाले. मग पेढ्यांनी तोंड गोड झालं म्हणून भजी. भज्यांची दुसरी प्लेट आली तेवढ्यात अम्मीचा फोन आला.

"कुठवर आलाय? मासवडी गार व्हायला लागली रं."

"आलोच अम्मी, दहा मिनिटं," उमरनं धडधडीत थाप मारली. फोन ठेवला आणि त्याचा बांध फुटला. "अरे खादाडा, तिकडं माझी आई सकाळपासून राबतेय! पोटात थोडी तरी जागा ठेवशील का नाही?"

"ठेवतो रे. आणि नाही राहिली तर आंटी काय रागावणार आहेत? नुसतं भेटू, गप्पा मारू. त्यांना उगाच कशाला त्रास?" शौर्यनं मिरची चावली. सोनलनं भज्यांची प्लेट हळूच बाजूला सारली.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. झुबेदा दारातच उभी होती. तिनं हसून पाण्याचे ग्लास पुढं केले. सोनलनं घेतला. शौर्यनं हातातली बाटली वर करून दाखवली. "आहे माझ्याकडे, आंटी. आणि जेवणाचं म्हणाल तर पोट अगदी तुडुंब आहे हो."

उमर तरातरा स्वयंपाकघरात गेला. गॅस थंड होता. ओट्यावर पातेलं नाही, घरात वासही नाही.

"अम्मी, मासवडी?"

"सरूबाईकडं," झुबेदा हळू आवाजात म्हणाली. सरूबाई म्हणजे शेजारची माळकरीण, उमरची सरूमावशी. "तिच्या घरात केली, तिच्याच भांड्यांत. मागच्या ईदला तुझा दोस्त आला व्हता, तवा शिरखुर्मा तसाच ठिवून गेला. पाणीबी पिला न्हाई. म्हणलं, आपल्या भांड्यांचं मनात येत आसंल त्याच्या. येऊ दे. तिथं तरी पोटभर जेवंल."

उमर ओट्याला टेकून उभा राहिला. ती बाटली त्यानं ईदलाही बघितली होती आणि शौर्यला पाणी बाधतं अशी स्वतःची समजूत घातली होती. मिसळ, रस, द्राक्षं, पेढे, भजी. खादाड म्हणून सकाळपासून ज्याच्या नावानं तो खडे फोडत होता, तो भूक मारत मारत आला होता. तो नुसता खादाड असता तर किती बरं झालं असतं, असं उमरला वाटलं. त्याला रडूच फुटलं असतं, पण बाहेर पाहुणे होते.

"जेवण शेजारी आहे, सरूमावशीकडं," त्यानं बाहेर येऊन सांगितलं.

"शेजारी?" शौर्यनं क्षणभर विचार केला. "मग चाखू की थोडं."

चाखतो म्हणणारा गडी सरूबाईच्या घरात मांडी ठोकून बसला. रस्सा पुन्हा गरम केला होता. पहिली वडी गेली, दुसरी गेली, भाकरी मोडली, तिसरी-चौथीही गेली. झुबेदा उंबऱ्यापाशी उभी राहून बघत होती, आणि तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"मावशी, काय चव आहे हो तुमच्या हाताला!"

"माझ्या?" सरूबाईनं झुबेदाकडे बघितलं. झुबेदानं डोळ्यांनीच नको म्हटलं. सरूबाईला ते काही पटलं नव्हतं. "खा पावणं, खा," ती कशीबशी म्हणाली.

उमरला मात्र ते गिळता येईना. "अम्मीनं केलीय ती. तिनंच थापली, तिनंच वड्या पाडल्या. मावशीची फक्त भांडी आहेत."

शौर्यचा घास हातातच राहिला. सोनलनं मान खाली घातली.

"तुला कुणी इचारलं व्हतं?" झुबेदा उमरवर पहिल्यांदाच इतकी कडाडली. "जेवतंय ना त्ये पोर?" मग पुढं होऊन तिनं पातेल्यातली पळी उचलली. "रस्सा वाढू का रं, बाळा?"

शौर्यनं घास ताटात ठेवला आणि ताटावर आडवा हात धरला.

"पुरे, आंटी," तो म्हणाला.

पळी तशीच राहिली. मग सरूबाईनं ती झुबेदाच्या हातातून काढून घेतली, दुसरं ताट वाढलं आणि उमरपुढं ठेवलं. "तू बस. सकाळधरनं उपाशी हायेस."

उमर बसला. मासवडी गार झाली होती. त्यानं खाल्ली.