लहूच्या वेळी असती तर

या, पुढे सरकून बसा; दाराशी बसलं की निम्मी कथा चपलांच्याच कानी जाते. जर्मनीत, कार्ल्सरूहे शहरात नांदणाऱ्या एका लेकीची गोष्ट आहे, २०१६ सालची.

उत्कर्षाला तिसरा महिना लागला होता, वय अडतीस. डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा फॉर्म हाती दिला. बाळाला डाउन सिंड्रोम आहे का, ते त्यातून बहुतेक कळतं. बाई म्हणाल्या, "कळून न घेण्याचाही तुम्हाला हक्क आहे. शुक्रवारी सांगा."

शुक्रवार उजाडला, तरी ठरेना. तिला बसवेना, उभं राहवेना. ट्राममध्ये चढली नि पुढच्याच थांब्यावर उतरून घरी आली. तिचा धाकटा भाऊ लहू तसाच होता ना! कराडला आईपाशी राहायचा. कीर्तनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावायचा, मर्जी बसली तर दोनदा.

"करून टाक गं," नवरा श्रीरंग म्हणाला. "म्हणजे, नुसतं कळेल तर."

"कळल्यावर काय करायचं, ते तू सांग."



शेवटी तिनं आईला फोन लावला. द्रौपदीबाई मेथी निवडत होत्या, शेजारी लहू गुणगुणत होता.

"आई, लहूच्या वेळी अशी तपासणी असती, तर केली असतीस?"

"केली असती."

"आणि तसंच निघालं असतं तर?"

मेथी निवडायची थांबली. "तर लहू नसता, बाई. मी चोवीस वर्षांची, सासूबाईंचा धाक; मला कुठलं बळ? देवानं विचारलं नाही, हे उपकारच त्याचे. तुला मात्र विचारलंय. लहूला पुढे करून उत्तर देऊ नकोस. माझ्या तेव्हाच्या भीतीनंही नको."

"ताई, पोट आलं का?" लहू ओरडला.

"तुझ्याएवढं नाही रे, ढोल्या!"

फोन ठेवून ती श्रीरंगकडे वळली. "तुला बळ आहे?"

"माहीत नाही. तुला?"

"मलाही माहीत नाही. मग आत्ता कळूनच घ्यायला नको."

दोघं मिळून दवाखान्यात गेली. तिनं 'तपासणी नको' या चौकटीत खूण केली, सही केली. जीव शांत झाला म्हणावं तर ते खोटं. पुढचे सहा महिने तिचा पाय एका जागी ठरला नाही.

बाळ कसं झालं, विचाराल. ते त्यांच्या घरचं. एवढंच मागणं: देवापुढे हात जोडाल तेव्हा द्रौपदीबाईंना आठवा. लेकराच्या देखत असं खरं बोलायला छाती लागते.