बिनडोळ्याची काडी

वहिनींनी नणंदेला गुलाबाच्या वासाच्या जिरेनियमची काडी दिली ती तोंडभरून हसत, पण जिथून मुळं फुटतात तो डोळा गुपचूप छाटून. एवढं नाजूक, घमघमणारं झाड दुसऱ्या घरी दिसू लागलं, तर आपल्याकडे बघायला कोण येणार?

थंडीच्या कडाक्यात वहिनींचंच झाड गेलं. नाक मुठीत धरून त्या नणंदेकडे आल्या, तर खिडकीत तेच जिरेनियम चांगलं तीन कुंड्यांत दरवळत होतं.

"माझ्या काडीचं का हे, वन्सं?"

"छे हो, ती वाळली. तुम्ही चहा टाकायला आत गेलात ना, तेव्हा मी माझ्या हाताने आणखी एक खुडली होती." नणंदेने कात्री उचलली. "देऊ तुम्हाला?"

"द्या की," म्हणत वहिनी कात्री नेमकी कुठे लागते, ते डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या.