माझ्यावर आळ आला त्या दुपारी

मी एक जुना, काळा, तोंडाने फटकळ दगड आहे. आपल्या पाट्याचा भाऊ म्हणा, फक्त थाळीसारखा पसरट. मित्रांनो, गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

इंडोनेशियातल्या मेरापी डोंगरातल्या खाणीत मला घडवलं. सुराबाया शहरात तुमिनीबाईंनी सात दिवस माझ्यावर कोरडे तांदूळ वाटले, तेव्हा कुठे माझी कचकच थांबली. मग बावीस वर्षं कोपऱ्यावरच्या त्यांच्या गाडीवर मी शेंगदाणे वाटले. उकडलेल्या भाज्या आणि तोफूवर ती चटणी घातली की गादो-गादो तयार. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या विचारायच्या, "किती मिरच्या?" आणि तेवढ्याच घालून त्याच्यापुरतं ताजं वाटायच्या.

त्यांचा खांदा धरला आणि सून एंदांग गाडीवर बसली. तिने यंत्रावर वाटलेली चटणी बादलीभर आणली. सगळ्यांना एकच तिखट. पण लोकांना दगड बघायचा असतो, म्हणून ती माझ्यात पळीभर ओतायची आणि बत्ता दोनदा फिरवायची. माझा असा जळफळाट व्हायचा!

एका दुपारी म्हातारे पोस्टमन वास्कितो आले.

"मिरची अजिबात नको हं पोरी. पोटात अल्सर आहे."

"एकही नाही घालत, काका."

तिने बादलीतलंच ओतलं. दुसऱ्या घासाला म्हातारा पोट धरून वाकला.

"हा दगडच मेला, कितीही धुतला तरी मिरची सोडत नाही," एंदांग म्हणाली. "टाकूनच देते उद्या."

तुमिनीबाई मागे बसून काकड्या सोलत होत्या. त्या उठल्या. आधी वास्कितोंना पाणी दिलं. मग माझ्यावरून बोट फिरवून चाटलं, बादलीतही बुडवून चाटलं.

"चव एकच आहे," त्या म्हणाल्या. "स्वतःचं पाप दगडावर ढकलतेस? माणूस मेला असता बाई."

त्यांनी बादली गटारात उपडी केली. वास्कितोंच्या पायाशी वाकून माफी मागितली. ते मात्र निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक.

आता एंदांग वाटते आणि सासू चव घेते. पोरीच्या तळहाताला फोड आलेत. मला दया येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की मला राबवा, नाहीतर सरळ फेकून द्या. शोभेला मांडून माझ्या नावावर खोटं खपवू नका.

आज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला एंदांगने विचारलं, "किती मिरच्या?" तो म्हणाला, "एकही नको." तिने मला गरम पाण्याने दोनदा धुतलं. मी अजून तिला माफ केलेलं नाही.