तीन नंबरची खिडकी

तहसील कचेरीत एक नंबरची खिडकी मोकळी होती. तरी मी तीन नंबरच्या रांगेत उभी राहिले, कारण तिथे माझा आधीचा नवरा बसतो.

सोळा वर्षं मी त्याचं आडनाव लावलं. त्या सोळा वर्षांत त्याने माझ्या आईला एकदाही आई म्हटलं नाही, की तिचं नाव घेतलं नाही. ती दवाखान्यात फरशी पुसायची, म्हणून त्याच्या तोंडी ती कायम फरशीवाली. ती गेली त्या दिवशीही त्याने विचारलं, "फरशीवालीचं आटपलं का?" हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

घटस्फोटानंतर मी आडनाव बदललं. माहेरचंही घेतलं नाही. आईचं नाव तेच माझं आडनाव, असं रीतसर राजपत्रात छापून आणलं. आता फक्त सरकारी नोंदवहीत चढायचं राहिलं होतं.

त्याने अर्ज पाहिला आणि मान वर न करता म्हणाला, "फोटो जुना आहे."

"मागे तारीख बघा. गेल्या आठवड्यातला आहे."

"सही जुळत नाही."

"बँकेचा शिक्का आहे. तिसरं पान."

अर्ज परत पाठवायच्या त्याच्या सगळ्या युक्त्या मला तोंडपाठ होत्या. आज कुणाला किती हेलपाटे घालायला लावले, याच्या बढाया तो रोज जेवताना मारायचा. मी वाढता वाढता ऐकायचे.

"तू मुद्दाम इथे आलीस," तो हळूच म्हणाला.

"अहो-जाहो करा, साहेब. नाकारायचं असेल तर कारण लिहा आणि खाली सही करा."

ते तो लिहिणार नव्हता. मागच्या टेबलावरून त्याच्या वरच्या अधिकारी, मोठ्या बाई, चष्म्यावरून बघत होत्या. त्याने नोंदवही काढली, पट्टी ठेवली आणि स्वतःच्या आडनावावर स्वतःच्याच हाताने लाल रेघ मारली. शेजारी आईचं नाव लिहिलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नवी नोंद अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायची, असा नियम आहे. आपण तो कधीच पाळत नाही, हेही त्यानेच हसत सांगितलं होतं.

"वाचून दाखवा," मी म्हणाले.

तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्याने वाचलं. आईचं नाव पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मतदार यादीतही हेच करायचंय. उद्या येते, याच खिडकीवर."