शेहेचाळीस मीटरची पट्टी

संग्रहालयातल्या दगडांच्या दालनात तो माहिती सांगायचा, म्हणून सगळे त्याला दगडोबा म्हणत. पृथ्वीचं वय तो नुसतं सांगायचा नाही, चालायला लावायचा. भिंतीलगत शेहेचाळीस मीटर लांब कापडी पट्टी अंथरलेली असे. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. लोक एका टोकापासून चालत येत आणि शेवटच्या तीन मिलिमीटरांत माणूस आला की हसू लागत.

ती पट्टी त्याच्या ताईने शिवली होती. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून त्याला शिकवलं, तेही तिनेच. तिचा मात्र ठाम विश्वास, की देवाने हे जग सहा दिवसांत केलं आणि त्याला फार तर सहा-सात हजार वर्षं झाली. दोघं यावरून तावातावाने भांडत आणि भूक लागली की एकाच ताटात जेवत.

त्या दिवशी ताई आपल्या प्रार्थनामंडळातल्या दहा-बारा बायकांना घेऊन येणार होती. या बायकांत ताईची रोजची ऊठबस. आपल्यामुळे तिला चारचौघींत मान खाली घालावी लागली तर? दुपारी त्याने गुपचूप पट्टी गुंडाळली आणि कपाटात कोंबली.

बायका आल्या. त्याने चकाकणारे दगड दाखवले, दगडात अडकलेले शिंपले दाखवले. आज सगळंच नुसतं ‘फार जुनं’ होतं. शेवटी एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलंच, “फार म्हणजे किती हो?”

“ते काय, ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे,” तो म्हणाला आणि असा काही लाळघोटं हसला, की त्याची त्यालाच किळस आली.

“पट्टी कुठाय रे?” ताईने विचारलं.

“धुवायला दिलीय.”

त्या कापडाचा रंग जातो, पाणी लावू नकोस, असं ताईनेच त्याला बजावलं होतं. हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं. त्याचे कान तापले.

निघताना चष्मेवाल्या बाईंनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. “बघ, तुझा भाऊ शेवटी आपल्यातलाच निघाला.”

बायका पुढे गेल्या. ताई दारात थांबली.

“काल मी यांना काय सांगितलं, माहितीये? म्हटलं, माझा भाऊ जे सांगेल ते आपल्याला पटायचं नाही. मलाही पटत नाही. पण ऐकून घ्या, कारण तो खोटं बोलत नाही.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण जिचं वय सांगायची हिंमत झाली नाही, ती कशाला घेतेय पोटात?

“तुझ्यासाठीच केलं गं. तुला कमीपणा नको म्हणून.”

“माझा देव काय तुझ्या पट्टीने मोडणार होता? काय शिवतेय ते कळूनच शिवली होती मी.”

तो कपाटाकडे धावला. “थांब, बोलाव त्यांना. आत्ता अंथरतो. सगळं सांगतो, आकड्यासकट.”

ताईने पिशवी खांद्याला लावली.

“आता नको. आता तू मला बरं वाटावं म्हणून सांगशील.”